भरडाईचा धान आणि आपली माहिती



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या ओसरीवर मी लहानपणी बसलेलो आहे. गावात वाचता येणारी माणसं मोजकी होती. पोरगा भिलाईला किंवा नागपूरला कामाला गेला, की त्याचं पत्र घेऊन आई गुरुजींकडे यायची. गुरुजी आधी आम्हा पोरांना अंगणात पिटाळायचे आणि मग पत्र वाचायला घ्यायचे. उत्तर लिहून झालं, की घडी घालून ते तिच्या हातात द्यायचे. कुणाचा मुलगा पैसे पाठवत नाही, कुणाची सून माहेराहून परत येत नाही, कुणाला दवाखान्यात काय सांगितलंय, हे सगळं गावात त्या एका माणसाला ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून ते दुसऱ्या कुणाला कधी कळलं नाही. माहिती त्यांना मिळाली होती पत्र वाचण्यासाठी. ती त्या कामापुरतीच राहिली.

आज तीच आई सालेकशाच्या किंवा देवरीच्या सेवा केंद्रात उभी असते. आधार कार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक, मोबाइल क्रमांक, अंगठा, फोटो, एवढं देऊन ती बाहेर पडते. तिच्या हातात एक पावती असते. त्या पावतीवर तिचं नाव असतं. तिची माहिती पुढे कुठे गेली, कुणाकडे राहिली, किती दिवस राहणार, यातलं त्यावर काहीच नसतं. आजचं व्याख्यान या न लिहिलेल्या गोष्टींबद्दल आहे.

मी गोंदिया जिल्ह्यात वकिली करतो. या विषयाकडे मी पुस्तकातून आलो नाही, एका अशिलामुळे आलो. तो पंचविशीचा मुलगा. त्यानं फोनवरच्या एका ॲपवरून पाच हजारांचं कर्ज घेतलं. ॲपनं फोनमधली नावं आणि फोटो पाहायची परवानगी मागितली, त्यानं ती दिली, कारण दिल्याशिवाय ॲप पुढे सरकतच नव्हतं. हप्ता चार दिवस चुकला, आणि त्याच्या मामाला, शाळेतल्या मास्तरांना, ज्या घरी लग्नाची बोलणी चालू होती त्या घरच्यांना, सगळ्यांना संदेश गेले, की हा चोर आहे. सोबत त्याचा फोटो, त्यावर घाणेरडा मजकूर. तो माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. नोटीस पाठवायची म्हणून मी त्या ॲपच्या अटींची पानं उघडली. सगळी इंग्रजीत. त्यात एक ओळ होती, की तुमची माहिती आम्ही जगातल्या कोणत्याही देशात साठवू शकतो. भारतातला पत्ता नव्हता. माझी नोटीस पाठवायला जागाच नव्हती.

देवरीच्या पुढे छत्तीसगडच्या हद्दीवर शिरपूरच्या नाक्यानं वर्षानुवर्षं ट्रक थांबवले. धान कुठला, कुणाचा, कागद कुठे आहेत, हे विचारलं जायचं. त्याच ट्रकचालकाच्या खिशातल्या फोनमधून त्याचा ठावठिकाणा, त्याची नावांची यादी, त्याचे व्यवहार त्याच क्षणी समुद्रापार जात होते. तिथे हे विचारणारं कुणी नव्हतं.

आता कायद्याकडे येतो. सुरुवात कुठून करायची? मी जबलपूरपासून करतो. आपल्यातल्या ज्येष्ठांनी गोंदियाहून जबलपूरला छोट्या गाडीनं प्रवास केलेला आहे. त्या जबलपूरचं नाव आपल्या न्यायालयीन इतिहासातल्या एका काळ्या निकालाला चिकटलेलं आहे. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, ‘एडीएम जबलपूर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आणीबाणी असेपर्यंत बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. पाचांपैकी चार न्यायमूर्ती त्या बाजूनं होते. त्यांत एक मराठी नाव होतं, यशवंत विष्णू चंद्रचूड. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले.

एक्केचाळीस वर्षं गेली. कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आधारच्या विरोधात न्यायालयात गेले होते. त्यांच्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो जगण्याच्या हक्कातच सामावलेला आहे. त्यातलं मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं आणि त्यात वडिलांचा सहभाग असलेला जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला. मुलानं वडिलांची चूक भर न्यायालयात दुरुस्त केली. आपली माहिती आपली आहे, असं आज आपण म्हणतो, ते या निकालाच्या जोरावर.

आधारचा पहिला क्रमांकही महाराष्ट्रातच दिला गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. ओळखीचा कागद नसलेल्या माणसाला ओळख मिळावी, हा हेतू चांगला होता आणि कितीतरी जणांना ती मिळाली. पण ओळख देणारा कायदा संसदेत आला २०१६ मध्ये, आणि ती ओळख जपणारा कायदा २०२३ मध्ये. दार बसवलं २०१० मध्ये आणि कडी तेरा वर्षांनी.

ही कडी घडवायला आपल्याच मुंबईचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण पुढे होते. १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारे तेच. त्यांच्या समितीनं जुलै २०१८ मध्ये अहवाल दिला आणि एक फार मोलाचा शब्द कायद्याच्या भाषेत आणला. आपली माहिती जो घेतो, तो तिचा मालक होत नाही, तो विश्वस्त होतो. पुढे २०१९ चं विधेयक आलं, संयुक्त संसदीय समितीनं त्यात ८१ दुरुस्त्या सुचवल्या, ऑगस्ट २०२२ मध्ये ते मागे घेतलं गेलं. शेवटी ११ ऑगस्ट २०२३ रोजी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियमांनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील.

विश्वस्त म्हणजे काय, हे गोंदियाच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आपला जिल्हा भरडाईवर जगतो. सरकार आधारभूत किमतीनं धान घेतं. पणन महासंघ किंवा आदिवासी विकास महामंडळ तो गिरणीला भरडाईला देतं. करारनामा होतो, बँक हमी घेतली जाते, डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर निघते, मग धान उचलला जातो. अरवा तांदूळ असेल तर क्विंटलमागे ६७ किलो परत करायचा, गोदामात त्याची तपासणी होणार. धान गिरणीच्या आवारात पडून असला तरी तो गिरणीवाल्याचा होत नाही. परस्पर विकला तर गुन्हा दाखल होतो. गिरणीवाल्यानं ‘मी तो दुसऱ्या गिरणीत भरडायला दिला होता’ असं सांगितलं, तर जिल्हा पणन अधिकारी त्याला विचारतील, करार कुणाशी झाला होता?

नव्या कायद्याचं आठवं कलम नेमकं हेच सांगतं. कंपनीनं तुमच्या माहितीवरचं काम दुसऱ्या कंपनीकडून करून घेतलं, तरी जबाबदारी पहिलीचीच. आपसात त्यांनी कसलाही करार केलेला असो. तिसरं कलम सांगतं, की भारतातल्या माणसाला वस्तू किंवा सेवा देण्यासाठी परदेशात बसून माहिती हाताळणारी कंपनीही या कायद्याखाली येते. ही दोन कलमं मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. माझ्या अशिलाच्या वेळी ती असती, तर निदान कुणाला धरायचं हे मला कायद्यातून दाखवता आलं असतं.

आता प्रश्न सीमेचा. माहिती देशाबाहेर जाऊ द्यावी की नाही? यावर दोन टोकाची मतं आहेत. एक म्हणतं, सगळं भारतातच ठेवा. दुसरं म्हणतं, अडवू नका, व्यापार थांबेल. रिझर्व्ह बँकेनं पहिला रस्ता धरला. ६ एप्रिल २०१८ रोजी मुंबईहून परिपत्रक निघालं, की पैसे देण्याघेण्याच्या व्यवहारांची संपूर्ण माहिती फक्त भारतातच साठवायची, मुदत सहा महिने. प्रक्रिया बाहेर झाली तरी माहिती एका दिवसात परत आणायची आणि तिकडची पुसून टाकायची. मोठमोठ्या कंपन्यांनी हे अशक्य असल्याचं सांगितलं. २०२१ मध्ये बँकेनं अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स क्लब आणि मास्टरकार्ड यांना नवे ग्राहक घ्यायला बंदी केली. मग जे अशक्य होतं ते झालं, आणि ऑगस्ट २०२२ पर्यंत बंदी एकेक करून उठली. २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या ॲपसाठीही बँकेनं नियम केले. फोनमधली नावं, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही आणि माहिती भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायची. माझ्या अशिलाच्या घराची अब्रू वाचवू शकला असता असा नियम तोच. पण तो त्याच्या प्रकरणानंतर आला.

पण सगळा उपाय जागेत आहे असं मानलं तर आपण फसू. ॲमेझॉनची मुंबईतली क्लाउड केंद्रं २०१६ पासून आहेत, मायक्रोसॉफ्टची पुण्यात २०१५ पासून. म्हणजे आपली पुष्कळ माहिती महाराष्ट्रातच साठलेली असते. तरीही अमेरिकेनं २०१८ मध्ये ‘क्लाउड ॲक्ट’ केला. त्यानुसार अमेरिकी कंपनीच्या ताब्यातली माहिती, ती कोणत्याही देशात ठेवलेली असो, अमेरिकी यंत्रणा कायदेशीर आदेशानं मागू शकते. गोदाम आपल्या गावात आहे म्हणून समाधान मानायचं कारण नाही. किल्ली कुणाकडे आहे, हेही पाहावं लागतं.

युरोपनं तिसरा रस्ता घेतला. माहिती कुठेही जाऊ दे, पण तिच्यासोबत संरक्षणही गेलं पाहिजे. हे नुसतं कागदावर राहिलं नाही, याचं श्रेय एका विद्यार्थ्याला आहे. ऑस्ट्रियाचा मॅक्स श्रेम्स कायद्याचा विद्यार्थी होता. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेननं अमेरिकेच्या पाळतीचे कागद बाहेर काढले, तेव्हा श्रेम्सनं विचारलं, माझी फेसबुकवरची माहिती अमेरिकेत जाते, तिथे ती कुणाच्या हाती लागते? या एका प्रश्नापायी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं युरोप-अमेरिका माहिती कराराची व्यवस्था दोनदा रद्द केली, २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये. मे २०२३ मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीला १२० कोटी युरो दंड झाला. मे २०२५ मध्ये चीनकडे माहिती गेल्याबद्दल टिकटॉकला ५३ कोटी युरो. आपण २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर एका आदेशानं बंदी घातली. ते देशाच्या सुरक्षेसाठी होतं. पण तोवर आपल्या पोरापोरींनी त्यावर टाकलेल्या माहितीचं काय झालं, हे टिकटॉकला विचारायचा हक्क तेव्हा आपल्याकडे कायद्यात नव्हता.

आपल्या नव्या कायद्याच्या सोळाव्या कलमानं माहिती बाहेर जायला सर्वसाधारण परवानगी दिली आहे. केंद्र सरकार ज्या देशांची नावं अधिसूचित करेल, तिथेच ती जाणार नाही. नियमांत आणखी एक तरतूद आहे. मोठ्या कंपन्यांनी ठरावीक प्रकारची माहिती देशाबाहेर नेऊ नये, असं सरकार समितीच्या शिफारशीनं सांगू शकतं. अडवण्याचा अधिकार सरकारनं हातात ठेवला, हे बरं झालं. पण जी माहिती जाईल तिच्यासोबत कोणतं संरक्षण जाईल, याबद्दल आपला कायदा युरोपपेक्षा फारच कमी बोलतो. डीओशिवाय धान उचलू द्यायचा आणि ट्रक कोणत्या राज्यात गेला एवढंच विचारायचं, असं ते होतं.

आणि आपण दुसऱ्यांचाही धान भरडतो, हे विसरू नका. आमगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगाव इथली मुलं आज हिंजवडीत युरोपातल्या बँकांची, विमा कंपन्यांची कामं करतात. माझा पुतण्या त्यांतलाच. युरोपच्या माहितीला हात लावायचा म्हणून त्याला दरवर्षी प्रशिक्षण घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. ज्या खोलीत तो काम करतो तिथे फोन न्यायला बंदी आहे, कागदाचा चिटोरा बाहेर नेता येत नाही. दिवाळीला तो गावी आला आणि आईच्या आधारची झेरॉक्स काढायला दुकानात गेला. दुकानाबाहेर भेळेचा गाडा होता. भेळ ज्या कागदात मिळाली तो कुणाच्या तरी रेशन कार्डाच्या अर्जाची प्रत होता. नाव, पत्ता, घरातल्या सगळ्यांची वयं, सगळं स्पष्ट वाचता येत होतं. तो मला म्हणाला, ‘काका, जर्मनीतल्या म्हातारीचा पत्ता मी जीव धरून सांभाळतो. आपल्या म्हातारीचा पत्ता भेळेत आहे.’

या कायद्याची चांगली बाजू सांगितली, आता उणिवा. माहिती सांभाळली नाही तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली, ज्याचं लग्न मोडलं, त्याला या कायद्यातून एक रुपयाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ४३-अ कलमाखाली नुकसानभरपाई मागता येते, ते वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. दुसरी उणीव, सरकारी यंत्रणांना मिळालेल्या मोठ्या सवलती. गरिबाची सगळ्यांत जास्त माहिती सरकारकडेच असते, आणि तिथेच नियम सैल आहेत. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी आपल्याच समितीच्या मसुद्यात पुढे झालेल्या अशा बदलांवर जाहीर टीका केली होती. तिसरी, माहिती अधिकाराची. या कायद्यानं माहिती अधिकार कायद्याचं ८(१)(ञ) हे कलम बदललं. ‘वैयक्तिक माहिती’ म्हटलं की देणं नाकारायची वाट आता जास्त मोकळी झाली. रोजगार हमीच्या मस्टरवरची खोटी नावं शोधणाऱ्या कार्यकर्त्याला उद्या हेच कारण ऐकवलं जाईल. कलम ८(२) मध्ये जनहिताचा आधार अजून शिल्लक आहे, तो घट्ट धरून ठेवा. गरिबाचा खासगीपणा जपायचा आणि सत्तेचा हिशोब उघडा ठेवायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागायच्या आहेत.

चौथी गोष्ट भाषेची, आणि ती आपल्या जिल्ह्याची खास आहे. कंपनीनं संमती मागताना सूचना साध्या भाषेत द्यायची आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय ठेवायची, असं कायदा सांगतो. म्हणजे मराठीत वाचणं हा आपला हक्क होणार आहे. पण सालेकसा आणि देवरीच्या जंगलपट्टीत ज्या आजीची भाषा गोंडी आहे, तिचं काय? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे देशात सुमारे ३० लाख होते. संथाली आणि बोडो या भाषा २००३ च्या घटनादुरुस्तीनं अनुसूचीत आल्या, गोंडी अजून बाहेर आहे. या कायद्यानं माणसाचा उल्लेख ‘तो’ असा न करता ‘ती’ असा केला, आपल्या कायद्यांत हे प्रथमच घडलं. ही सुंदर गोष्ट आहे. पण त्या ‘ती’मध्ये तेंदूपत्त्याची पुडकी बांधणारी, विडी वळणारी, अंगठा देणारी आमची बाई आहे की नाही? जी सूचना तिला समजलीच नाही, तिच्यावरचा अंगठा मी संमती मानत नाही.

मग आपण काय करायचं? मोठ्या गोष्टी दिल्लीत ठरतील. लहान गोष्टी इथे ठरतील. आधारची प्रत द्यावी लागली, तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या, ते अधिकृतपणे मिळतं. प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख, आडवं लिहा. कर्जाच्या ॲपनं फोनमधली नावं मागितली, तर ते ॲप काढून टाका, रिझर्व्ह बँकेचा नियम तुमच्या बाजूनं आहे. पैशाची फसवणूक झाली तर लाज न बाळगता त्याच तासात १९३० वर फोन करा. सेवा केंद्र चालवणाऱ्या माझ्या भावांना विनंती आहे, की फसलेल्या झेरॉक्स रद्दीत देऊ नका, फाडून टाका. ग्रामपंचायतींना विनंती आहे, की लाभार्थ्यांच्या याद्या लावा, जरूर लावा, पण आधार आणि बँक खात्याचे आकडे झाकून लावा. आणि इथे बसलेल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना सांगतो, श्रेम्सनं प्रश्न विचारला तेव्हा तोही तुमच्यासारखाच विद्यार्थी होता. मे २०२७ नंतर आपल्या माहितीबद्दल कंपनीला विचारण्याचा हक्क प्रत्येकाला मिळेल. पहिला अर्ज गोंदियातून जाऊ द्या, आणि तो मराठीत असू द्या.

गुरुजींकडे कायदा नव्हता, दंडाची भीती नव्हती. पत्र वाचून झालं की ते घडी घालून परत द्यायचे. पत्र ज्याचं त्याच्याकडे, आणि त्यातलं बोलणं तिथल्या तिथे. माहिती देवरीत राहो की समुद्रापार जाऊन येवो, ती घेणाऱ्या प्रत्येकाकडून आपल्याला एवढंच वागणं हवं आहे. ते मागायला उद्या सकाळपासून सुरुवात करा. जिथे अंगठा मागतील, तिथे आधी विचारा, कशासाठी?